मरणाची आठवण देणारा प्रयोग मराठीत कसा घ्यायचा?

शाहूपुरी_एमए: मरणाची आठवण दिली की माणूस आपल्या श्रद्धांना जास्त घट्ट धरतो, हा ग्रीनबर्ग, पिझिन्स्की आणि सॉलोमन यांचा 1986 चा सिद्धांत एम.ए.च्या प्रकल्पासाठी कोल्हापुरातल्या कॉलेजच्या मुलांवर तपासायचाय. इंग्रजी प्रश्न सरळ मराठीत केले तर चालेल का? गट केवढे घ्यावेत? धर्मश्रद्धा मोजायला ‘आत्मा अमर आहे असं वाटतं का?’ एवढा एकच प्रश्न पुरेल का?

पंचगंगाकाठ: मूळ पद्धतीत दोन प्रश्न असतात. स्वतःच्या मरणाच्या विचाराने काय वाटतं, आणि मरताना व मेल्यावर शरीराचं काय होईल. दुसऱ्या गटाला असेच प्रश्न दातदुखीवर विचारतात. दातदुखीही नकोशीच असते, त्यामुळे गटांत फरक दिसला तर तो नुसत्या वाईट वाटण्याचा नाही असं म्हणता येतं.

नुसतं ‘मृत्यू’ लिहिलंत तर मुलं ‘मृत्यू हे अटळ सत्य आहे’ असा सुविचार लिहून मोकळी होतील. ‘मी मरेन तेव्हा...’ असं वाक्य सुरू करून द्या आणि पाच मिनिटं लिहायला लावा. मग तीन ते पाच मिनिटं शब्दकोडं. ही मधली पायरी गाळली की प्रयोग फसतो. मरणाचा विचार ताजा असताना माणूस ‘अजून वय कुठं झालंय’ म्हणून तो मुद्दाम बाजूला सारतो. श्रद्धेला बिलगणं सुरू होतं ते विचार नजरेआड गेल्यावर.

शेवटी कोल्हापूरची स्तुती करणारा एक आणि टीका करणारा एक असे दोन छोटे लेख वाचायला द्या, लेखकांना गुण द्यायला सांगा. स्तुती करणाऱ्याला जास्त आणि टीका करणाऱ्याला कमी गुण पडले, तर तो फरक म्हणजे आपल्या गोष्टींना बिलगण्याचं माप. पेठा-तालमींच्या फुटबॉलवर लेख नको, ती चुरस आधीच तापलेली असते. जात-धर्मावर तर अजिबात नको. आणि पितृपंधरवडा टाळा. घराघरात म्हाळ चालू असताना दातदुखीच्या गटालाही मरणाची आठवण झालेलीच असते.

ओवी_अभंग: आत्म्याचा तो एकच प्रश्न काढूनच टाका. आपल्याकडच्या निधनवार्ता नीट वाचा. वारकऱ्याच्या नावामागे ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, बौद्ध घरात ‘कालकथित’, मुस्लिम घरात ‘पैगंबरवासी’. मेल्यावर काय होतं याची प्रत्येकाची कल्पना वेगळी. बौद्ध विचारात नित्य आत्माच नाही, म्हणजे तुमच्या मोजणीत धम्म मनापासून पाळणारा मुलगा अश्रद्ध ठरेल.

दुसरी अडचण याहून खोल आहे. हा सिद्धांत धरून चालतो की माणसाला टिकून राहायचंय. इथे अनेक घरांत पुन्हा जन्म ठरलेलाच, गीतेतही ‘ध्रुवं जन्म मृतस्य च’ आहे, आणि धडपड असते फेऱ्यातून सुटायची. तीही सगळ्यांची नाही: तुकोबा मुक्ती नको, संतसंग मिळत असेल तर गर्भवासही चालेल म्हणतात. जैन घरांतली मुलं गटात असतीलच. सल्लेखनेच्या (अन्न सोडत मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताच्या) पाच अतिचारांत, म्हणजे व्रतातल्या चुकांत, जगण्याची आस हा दोष आहे आणि मरण लवकर यावं ही इच्छाही दोषच. त्यामुळे मरणाची भीती कमी दिसली की त्याला मरणाची ओढ समजू नका. पुनर्जन्म, मुक्ती, स्वर्ग-नरक, ‘मागे काही उरत नाही’ या चार गोष्टींवर स्वतंत्र विधानं द्या, प्रत्येकावर 1 ते 7 गुण. ही विधानं प्रयोगाच्या काही दिवस आधीच भरून घ्या. त्याच बैठकीत घेतलीत तर दोन्ही गटांना मरण आठवेल.

गणित_कट्टा: या सिद्धांतावरच्या 277 प्रयोगांचे निकाल 2010 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा सरासरी सहसंबंध 0.35 आला. त्यावर विसंबलं तर प्रत्येक गटात साधारण 30 मुलं पुरतात. पण पुढे 21 प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. म्हणून त्याहून लहान, मध्यम परिणाम धरा: कोहेनचा d 0.5, म्हणजे दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा फरक (हे माप वेगळं, वरच्या 0.35 शी थेट ताडू नका). 80 टक्के शक्ती (खरा परिणाम असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के पातळीला (परिणाम नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) प्रत्येक गटात 64. गाळणी कुठली लावणार, म्हणजे कुणाचे कागद मोजणीतून वगळणार, हे माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.

शाहूपुरी_एमए: ज्यांच्या घरी नुकतीच मयत झालीय त्यांचं काय?

पंचगंगाकाठ: वर्षश्राद्ध व्हायचं असेल तर घेऊ नका. संमतीपत्रात ‘मरणाबद्दल लिहावं लागेल, कधीही थांबता येईल’ हे स्पष्ट छापा, खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या. प्रयोग संपल्यावर हेतू सांगायला प्रत्येकामागे दहा मिनिटं राखून ठेवा, घाईत कागद गोळा करून मुलांना सोडू नका.