फायटर तळाशी बसून राहतोय, माझं काय चुकतंय?

मंगळवारपेठकरीण
नमस्कार मंडळी. गणपतीत पोरगं हट्टाला पेटलं म्हणून फायटर मासा आणला. निळा, शेपटीला तांबडी झाक. दुकानदारानं तीन लिटरचं गोल काचेचं भांडं, रंगीत खडे आणि गोळ्यांची डबी हातात दिली. म्हणाला, "ह्याला काही लागत नाही वहिनी, घाणीत पण जगतो." मी आपली दर रविवारी भांडं रिकामं करायची, खडे मिठानं चोळायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. भांडं आरशासारखं लख्ख! महिन्याभरात मासा गेला.

दिवाळीनंतर दुसरा आणलाय. हा चार दिवस झाले कोपऱ्यात तळाशी आहे, पर मिटून. श्वासापुरता वर येतो, परत खाली. शेपटीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालीय. पोरगं शाळेतनं आलं की दप्तर पाठीवर ठेवूनच भांड्यापाशी जातं, आणि मी स्वयंपाकघरातनं बाहेरच येत नाही. दुकानदार म्हणतो निळं औषध टाका. टाकू काय?

तालमीजवळचा
ताई, औषध राहू दे बाजूला. रागावू नका, पण तुमची स्वच्छताच नडली.

मासा कल्ल्यांतनं आणि विष्ठेतनं अमोनिया सोडतो. त्यानंच कल्ले आणि पर जळतात. खड्यांवर, फिल्टरवर एक जातीचे जिवाणू धरतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर रविवारी ती मीठ लावून चोळून टाकत होता, वर नळाचं क्लोरीन.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. फायटरला कल्ल्यांच्या वर हवेतनं श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, म्हणून पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तो तगतो. अमोनियापुढं त्याचा काही उपयोग नाही. थायलंडातल्या भातखाचरांत राहणारा मासा हा. पाणी उथळ, पण ऐसपैस, ऊबदार आणि झाडोऱ्यानं भरलेलं. तीन लिटर म्हणजे त्याला कोठडी.

दीड फूट लांब, दहा इंच रुंद, दहा इंच उंच टाकी घ्या. वर दोन बोटं सोडून भरली की पंचवीसेक लिटर बसतं. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा आणि हवा बारीक ठेवा, लांब परांचा मासा धारेत दमतो. आपल्याकडं थंडीत रात्री पंधराच्या आसपास उतरतं, त्याला पंचवीस ते सत्तावीस लागतं. तेव्हा पन्नास वॅटचा, आपोआप बंद होणारा हीटर. पाणी बदलताना त्याचा प्लग आधी काढा. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते, माझी एक गेलीय.

टाकी येईपर्यंत रोज पाव हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवण्यापेक्षा क्लोरीन मारायचं औषध मिळतं ते दोन थेंब घाला, भरवशाचं. नवं पाणी हाताला जुन्याइतकंच कोमट लागलं पाहिजे. गोळ्या दिवसाला तीन-चार, बास. निळ्या औषधानं चांगले जिवाणू पण मरतात. पर आणखी झडायला लागले तर वेगळ्या भांड्यात उपचार करू, तेव्हा विचारा.

आणि दुसरा फायटर आणून जोडी लावू नका. ह्या तालमीत पैलवान एकच.

कळंब्याचा काका
वरचं सगळं बरोबर. भर एवढीच, की झाकण ठेवा. माझा एक रात्रीत उडी मारून टीव्हीमागं पडला, सकाळी झाडताना सापडला. मात्र झाकण आणि पाणी ह्यांत हवेची जागा सोडा, नाहीतर श्वास कुठनं घेणार?

देशी बदामाचं गळून वाळलेलं एक पान धुऊन टाका. पाणी बिनदुधाच्या चहासारखं होतं, घाबरू नका, त्याला तसलंच आवडतं. रस्त्याकडेचं धुरातलं पान मात्र नको.

मंगळवारपेठकरीण
म्हणजे मीच मारला की हो पहिल्याला. असो. टाकी उद्याच बघते. पण सहा आठवडे ह्यानं कुठं राहायचं? तोवर जगला पाहिजे ना!

तालमीजवळचा
राहील की टाकीतच, आपण विरजण लावू. माझ्या टाकीतला स्पंज सहा वर्षांचा आहे. टाकीच्याच पाण्यात पिळला की काकवीसारखं पाणी निघतं, तो सगळा जिवाणूंचा संसार. त्याचा एक तुकडा कापून देतो, तुमच्या फिल्टरला दोऱ्यानं बांधा. दही लागतं तसं लवकर लागेल. तरी पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलत राहा. तुकडा वाळला की मेला, तेव्हा टाकीच्या पाण्यात बुडवूनच न्यायचा.

मंगळवारपेठकरीण
रविवारी येते पोराला घेऊन. स्टीलचा डबा चालेल काय?

तालमीजवळचा
चालेल. फक्त येताना साबणानं घासून आणू नका!