संगमरवरी गुहांसाठी चिलीला जायचं तर त्रांकिलोत तीन मुक्काम हवेतच

नीरा_काठ

पॅटागोनियाच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या भागाच्या, सहलीचे जे आराखडे आपल्याकडे लोक एकमेकांना पाठवतात, त्यांत एक ओळ हमखास असते: ‘कोयाइकेहून पहाटे निघून मार्बल केव्ह्ज, रात्री परत.’ माझं मत स्पष्ट आहे, ही ओळ खोडून टाका. गुहा बघायच्या तर गुहांच्या गावात, पुएर्तो रिओ त्रांकिलोत, तीन रात्री राहा. तेवढा वेळ नसेल तर हा टप्पाच गाळा आणि ते दिवस तोरेस देल पाइने या राष्ट्रीय उद्यानाला द्या.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण चिलीच्या आयसेन विभागात (कोयाइके ही त्याची राजधानी) हेनेराल कारेरा नावाचं सरोवर आहे. हिमनद्यांनी खोदलेलं, जवळपास १८५० चौरस किलोमीटरचं, सर्वांत खोल जागी ५८६ मीटर. निम्मं चिलीत, निम्मं अर्जेंटिनात. पलीकडे त्याला लागो बुएनोस आयरेस म्हणतात. त्याच्या पश्चिम काठाजवळ पाण्यातून वर आलेले संगमरवराचे खडक आहेत आणि लाटांनी ते खालून कोरले आहेत. ‘कातेद्राल’ आणि ‘कापिया’ ही दोन बेटं, शिवाय किनाऱ्यालगतच्या गुहा. १९९४ पासून तो संरक्षित निसर्गठेवा आहे. रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं.

आता मुद्दा. हा पट्टा पश्चिमेच्या वाऱ्याचा, आणि वारा सर्वांत जोरात असतो तो त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे नेमका आपण जातो त्या डिसेंबर ते फेब्रुवारीत. सकाळी पाणी बहुधा शांत असतं, दुपारी लाटा उठतात. लाटा वाढल्या की नौदलाचं बंदर कार्यालय बंदर बंद करतं. मग कोणाची ओळख चालत नाही की आगाऊ भरलेले पैसे. कोयाइके ते त्रांकिलो अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर असलं तरी वाटेतल्या विया सेरो कास्तियो गावानंतर बराचसा रस्ता खडीचा. पहाटे निघालेली गाडी पोचते दुपारच्या सुमाराला, म्हणजे वारा सुटायच्या वेळेला! त्यात सकाळचं तिरकं ऊन निघून गेलेलं. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेला माणूस दिवसातली सर्वांत वाईट वेळ निवडतो, आणि तीसुद्धा एकदाच.

मीठभाकर

असहमत, आणि जरा जोरात असहमत.

नीराताई, तीन रात्री कुठून आणायच्या? नोकरदाराची रजा पंधरा दिवस. मुंबईहून सान्तियागोला थेट विमान नाही. युरोप, अमेरिका किंवा साओ पावलोमार्गे जाता-येता तीन-चार दिवस खर्ची पडतात. सान्तियागोहून बाल्मासेदा विमानतळ, तिथून कोयाइके. उरलेल्या दिवसांत बायकोला हिमनदी बघायची असते, मुलाला पेंग्विन आणि आईला ‘जरा बसू द्या रे’ असं झालेलं असतं. अशा माणसाला ‘तीन रात्री नसतील तर जाऊच नका’ म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे वेळ आहे त्यानेच जग बघावं असं म्हणणं.

माझा भाऊ नोव्हेंबरात कोयाइकेहून एका दिवसात जाऊन आला. बोटीत दीड तास मिळाला, गुहा दिसल्या, आजही त्याबद्दल बोलताना त्याचा चेहरा खुलतो. त्याचं बघणं कमी प्रतीचं ठरवणारे आपण कोण?

नीरा_काठ

बघण्याची प्रत ठरवत नाहीये. तुमच्या भावाला वाऱ्याने अडवलं नाही याचा आनंदच आहे. पण नोव्हेंबरातल्या एका चांगल्या दिवसावरून जानेवारीचा बेत आखू नये. बंदर बंद निघालं तर एका दिवसात जाणाऱ्याच्या हाती काय? दोन्ही बाजूंची खडी. मुक्कामाला असलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धक्क्यावर जाऊन उभा राहतो. राखीव दिवस जिथे बोट आहे त्या गावातच हवा, सान्तियागोत ठेवून काय उपयोग?

शिळाप्रेमी

वेळेच्या वादात दगड राहून जातोय, म्हणून लिहितो.

हा संगमरवर म्हणजे जुन्या समुद्रतळावरचा चुनखडक, दाबाने आणि उष्णतेने बदललेला. वय डायनोसॉरच्याही आधीचं. सरोवर त्यामानाने अगदी पोरसवदा. हिमयुगात इथे बर्फाची प्रचंड जीभ पूर्वेकडे पसरली होती, तिने हे खोरं खरवडलं. बर्फ वितळू लागल्यावर साचलेलं पाणी आधी पूर्वेला अटलांटिककडे जात होतं, कारण पश्चिमेची वाट बर्फानेच अडवलेली. तो बांध सुटला आणि पाण्याने तोंड फिरवलं. आज ते बाकेर नदीने पॅसिफिकला जातं. पातळी खाली आल्यावर आत्ताच्या उंचीला लाटा खडकावर आपटू लागल्या आणि तळाशी गुहा तयार झाल्या.

आत गेल्यावर छताकडे बघा. डावाने श्रीखंड काढल्यावर पातेल्यात जशी खोलगट वळणं उरतात, तशी वळणं सगळीकडे, एकात एक शिरलेली. पांढऱ्या दगडात राखाडी-निळे पट्टे आहेत ते अशुद्धतेमुळे. पाण्याचा निळा रंग मात्र दगडाचा नाही. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्यावरून उजेड विखुरतो आणि तोच खालून छतावर पडतो. ढग आले की पाच मिनिटांत सगळं करडं होतं, ऊन आलं की पुन्हा पेटतं. म्हणून थांबण्याच्या बाबतीत मी नीराताईंच्या बाजूने.

महिन्याचंही बघा. वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाणी उतरलेलं असतं आणि कोरीव भाग जास्त दिसतो. भर उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी चढतं, काही कोपरे बुडतात. मीठभाकर यांच्या भावाने महिना उत्तम निवडला होता.

प्रभाकर का.

मला मुळातच हा अट्टहास पटत नाही. भेडाघाटला किती जण नीट जाऊन आले आहेत? जबलपूरजवळ नर्मदेने संगमरवर चिरून केलेली ती घळ. होडीत बसा, दोन्ही बाजूंना पांढरे कडे, चांदण्या रात्री तर बघतच राहावं. रेल्वेने एका रात्रीत पोचता येतं आणि व्हिसा लागत नाही. तीन लाख घालवून आणि चार विमानांचा धूर सोडून दुसऱ्यांचा संगमरवर बघायला जायचं, आणि वर तिथल्या हिमनद्या वितळताहेत म्हणून हळहळायचं, हे मला नैतिकदृष्ट्या खटकतं. नाजूक जागी लाखो माणसं गेली की ती जागा टिकत नाही. काही ठिकाणं न बघता मरायची तयारी ठेवावी.

शिळाप्रेमी

काका, भेडाघाट मलाही प्रिय आहे. पण दोन्हीकडे दगड तोच असला तरी करणी वेगळी. नर्मदेने वरून खाली चिरत कडे उभे केले. कारेरा सरोवरात लाटांनी आडवं खाल्लंय, म्हणून छत आणि खांब तयार झाले. एक बघितलं म्हणून दुसरं बघितल्यासारखं होत नाही. विमानाच्या धुराचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तोच धूर सोडायचा असेल तर एकदाच जावं आणि जास्त दिवस राहावं, एवढंच म्हणेन.

दक्षिणायन

नोकरीनिमित्त सान्तियागोत राहते. प्रभाकरकाकांच्या ‘टिकत नाही’ या मुद्द्यावर इथली बाजू मांडते.

या सरोवरातून निघणाऱ्या बाकेरवर आणि तिच्या दक्षिणेच्या पास्कुआ नदीवर मिळून पाच धरणं बांधायचा हिद्रोआयसेन नावाचा प्रकल्प होता. त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, ‘पॅटागोनिया, धरणांविना’ ही घोषणा गाड्यांच्या काचांवर असायची. जून २०१४ मध्ये सरकारने तो प्रकल्प नाकारला. त्या लढ्यात लोकांचा एक मोठा युक्तिवाद होता की ही नदी आणि हे सरोवर जसं आहे तसं राहिलं तरच आमचं पोट चालेल. त्रांकिलोत बोट चालवणारी, खोल्या भाड्याने देणारी, पाव भाजून विकणारी घरं याच उत्पन्नावर आहेत. माणसांनी येणं बंद केलं की जागा आपोआप वाचते असं इथे तरी झालेलं नाही. येऊन कसं वागायचं, यावर बोलू या. दगडाला हात लावायचा नाही, नाव कोरायचं नाही, बोटवाल्याला ‘अजून आत घ्या’ म्हणून गळ घालायची नाही. तो इंजिन मंद करून, तळहाताने भिंतीपासून बोट जपून लोटत आत नेतो. किती आत जायचं ते त्याला कळतं.

आणि एक, त्रांकिलोला लोक पूर्वी एक्स्प्लोरादोरेस हिमनदीवर चालायलाही यायचे. २०२३ च्या शेवटी बर्फाचा मोठा भाग तुटल्यावर वन खात्याने तिच्यावर चालणं कायमचं बंद केलं. लांबून बघता येते. जुने आराखडे वाचून कोणी तो दिवस धरू नका.

वल्हव

कोणी कयाकचं, म्हणजे एकदोघांच्या वल्ह्याच्या अरुंद होडीचं, नाव काढत नाही! बोटीत दहा जण कोंबून इंजिनाच्या आवाजात गुहा बघण्यापेक्षा गावाच्या दक्षिणेला बाहिया मान्साहून कयाकने जा. बोट जाते त्याहून अरुंद जागांत शिरता येतं, हवं तितकं थांबता येतं. आम्ही कोकणात समुद्रात वल्हवतो, हे तर सरोवर.

नीरा_काठ

‘हे तर सरोवर’ हे वाक्य कृपया मागे घ्या.

डिसेंबर २०१५ मध्ये याच सरोवरात डग्लस टॉम्पकिन्स गेला. द नॉर्थ फेसचा संस्थापक, पॅटागोनियातली लाखो एकर जमीन विकत घेऊन राष्ट्रीय उद्यानांसाठी देणारा माणूस. वय ७२, आयुष्यभर डोंगर-नद्यांत काढलेलं, बरोबरचे मित्रही तसेच मुरलेले. वारा उठला, कयाक उलटली, पाणी चार अंशांच्या आसपास. हेलिकॉप्टरने कोयाइकेच्या रुग्णालयात नेलं, पण शरीर इतकं गारठलं होतं की वाचला नाही. कोकणात पाण्यात पडलात तर पोहण्यावर भिस्त ठेवता येते. इथे थंडी काही मिनिटांत हातपाय निकामी करते, पोहणं येत असो वा नसो.

कयाकला माझा विरोध नाही. परवानाधारक वाटाड्या, ड्रायसूट (पाणी आत शिरू न देणारा पोशाख) किंवा जाड वेटसूट (अंगाची ऊब राखणारा), सकाळची पहिली फेरी, आणि वाटाड्या ‘आज नाही’ म्हणाला की विषय संपला. ‘आज नाही’ ऐकून घ्यायचं तर उद्याचा दिवस हातात लागतो. म्हणून तीन रात्री.

वल्हव

टॉम्पकिन्सची हकीकत मलाही माहीत आहे. पण ती मंडळी अनेक दिवसांच्या सफरीवर मोकळ्या पाण्यात होती, गुहांची फेरी किनाऱ्याला धरून असते. दोन्ही एका तागडीत घालू नका. वाटाड्या आणि सूट यांवर दुमत नाही. कोकणाची तुलना मागे, कयाकचा आग्रह कायम.

मीठभाकर

चर्चा सुरक्षिततेवर आली ते बरं झालं, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. तिकडे म्हणे एक म्हण आहे, पॅटागोनियात जो घाई करतो तो वेळ घालवतो. छान आहे, पण ती तिथे राहणाऱ्याची म्हण आहे. परतीचं तिकीट खिशात असलेल्याने काय करायचं?

माझा तोडगा: दोन रात्री. पहिल्या दिवशी कोयाइकेहून आरामात त्रांकिलो, दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. बंद असेल तर तिसऱ्या सकाळी पहिली बोट, मग परत. दोन सकाळी मिळतात. तिसरी रात्र हा श्रीमंती शौक आहे असं माझं मत आहे आणि राहील.

नीरा_काठ

तुमचा बेत एका दिवसाच्या फेरीपेक्षा कितीतरी बरा. पण तिसऱ्या सकाळी बोट करून त्याच संध्याकाळी बाल्मासेदाचं विमान धरू नका. खडीवर टायर फुटणं रोजचं आहे, स्टेपनी एकच असते आणि कारेतेरा आउस्त्राल या महामार्गावर पंक्चरवाला दर वळणावर बसलेला नाही. मधे कोयाइकेत एक रात्र टाका. म्हणजे झाल्या तीनच; एक फक्त जागा बदलून!

सुमेधा_ठाणे

वाचून बरंच कळलं. आम्ही जानेवारीत जायचं म्हणतोय, बरोबर सासूबाई, वय ७०, गुडघे दुखतात. बोट जमेल का? आणि खाण्याचं काय, त्या शुद्ध शाकाहारी.

दक्षिणायन

बोट उघडी असते, बाकावर बसायचं असतं, चढताना धक्क्यावरून खाली एक मोठी पायरी. हात द्यायला माणूस असतो. दीड-दोन तास पाठीला हिसके बसतात, विशेषतः परतताना, कारण लाटा तोवर वाढलेल्या असतात. सासूबाईंना मधल्या किंवा मागच्या बाकावर बसवा, पुढे आपटतं आणि पाणी उडतं. जानेवारी असला तरी कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट हवंच.

खाण्यासाठी हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली कबान्या घ्या, म्हणजे लाकडी घरकुल. तांदूळ, डाळ, भाजी कोयाइकेच्या सुपरमार्केटातून भरून न्या, त्रांकिलोच्या दुकानात निवड कमी. भारतातून नेताना ताजी फळं, बियाणं, मध बॅगेत नको. चिलीच्या विमानतळावर शेती खात्याची तपासणी कडक असते. जे खायचं नेताय ते अर्जावर जाहीर करा, जाहीर केलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड.

साओ पावलोमार्गे येणार असाल आणि ब्राझीलमध्ये विमानतळाबाहेर पडणार असाल, तर परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाला ती द्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारूनच. जमत असेल तर तुम्ही सरळ युरोपमार्गे या.

सुमेधा_ठाणे

मग युरोपमार्गेच बघते. मुक्काम दोन की तीन हे घरी अजून ठरत नाहीये. नवरा मीठभाकर यांच्या बाजूने आहे, सासूबाई नीराताईंच्या.