कागदी पेल्यांनी प्रश्न मिटत नाही
मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांना पाण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या बंद करून कागदी पेले द्या, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. बहुतेक पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते साध्या रद्दीत जात नाहीत. शिवाय धावताना निम्मं पाणी नाकात जातं, तो भाग वेगळा!

लंडन मॅरेथॉनमध्ये २०१९ साली २३व्या मैलावर समुद्री शेवाळापासून केलेल्या पुड्या वाटल्या होत्या. आत एनर्जी ड्रिंक, आणि आवरण गिळलं तरी चालतं. कल्पना भारी, पण मुंबईत पेडर रोडच्या चढावर ऊन तापलेलं असताना घोटभर पुडी कुणाला पुरणार? त्यापेक्षा आल्प्समधल्या यूटीएमबीसारख्या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींचा नियम बरा: आपला पेला आपणच आणायचा. खिशात मावणारा सिलिकॉनचा मिळतो, मी हल्ली तोच नेतो. पाण्याच्या टेबलापाशी तो भरून घेताना थोडे सेकंद जातात, पण पाणी पोटात जातं.