दिवाळीच्या सुट्टीत मुलांना किचनमधले प्रयोग, सुचवा ना

माऊची_आई (ठाणे, घोडबंदर रोड)
सुट्टी लागून चार दिवस झाले, किल्ला बांधून झाला, मावळे मांडून झाले, आणि दुपारी ऊन असं की खाली पाठवायची सोय नाही. मुलगी आठ वर्षांची, शेजारची दोन कार्टी पण आमच्याकडेच पडलेली असतात. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी तीनदा झालाय, ओटा तिन्ही वेळा मी पुसलाय. घरातल्याच सामानात होईल असं दुसरं काहीतरी सांगा, किट मागवायचं नाहीये.

नेरूळकर
हळद! आमच्याकडे सुरुवात शर्टापासून झाली. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं, आईने साबण चोळला आणि डाग लालभडक, पोरगं रक्त आलं म्हणून किंचाळलं. हळदीतलं कर्क्युमिन (तिचा पिवळा रंग) अल्कलीत, म्हणजे साबण-चुन्यासारख्या आम्लाच्या उलट गोष्टीत, लाल होतं. चमचाभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवा, कारण पाण्यात ती विरघळत नाही, नुसती तळाला बसते. ड्रॉइंगच्या कागदाला कापसाने फासा, पंख्याखाली वाळवा. मग कपड्याच्या साबणाचं पाणी आणि इअरबड द्या हातात, लिहितील ते लाल उमटतं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. सॅनिटायझर पेटतं, तेव्हा पणत्या लावायच्या आत उरका.

खारघरची_मावशी
आम्ही साबणाऐवजी खायचा सोडा घेतला तर जेमतेम चॉकलेटी डाग, पोरं म्हणाली फसवलंस.

नेरूळकर
@खारघरची_मावशी सोडा फार सौम्य हो. कपड्याचीच वडी घ्या, हँडवॉशने पण बहुतेकदा होत नाही.

जांभळीनाका
कुंकू असंच करायचे की, हळद आणि चुना. पण म्हणून पानाचा चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जायची पाळी.

माझ्याकडून गोकर्ण. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर निळा वेल आहे, सात-आठ फुलं कोमट पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं निळं. तीन वाट्या करायच्या. एकीत लिंबू, जांभळं-गुलाबी होतं. दुसरीत सोडा, हिरवट. तिसरी तशीच ठेवायची, नाहीतर मूळ रंग कुठला होता यावरून भांडतात. मग लिंबाच्या वाटीत थोडा थोडा सोडा टाकायला सांगा, फेस येत येत रंग परत निळ्याकडे जातो. मला विचाराल तर ज्वालामुखीपेक्षा हेच भारी, कारण फेस दोन सेकंदात संपतो आणि इथे पोरं वाटीत डोकं घालून बसतात.

माऊची_आई
दोन्ही केलं. गोकर्ण मिळाली नाही म्हणून देवाची जास्वंद ढापली (सासूबाईंना माहीत नाही), सोड्याने चक्क हिरवी झाली. हळदीच्या कागदावर तिघांनी मला पत्र लिहिलंय, "चकली दे". आणि @नेरूळकर, माझ्या ओट्यावरचा पिवळा डाग कशाने जातो ते पण सांगा आता.

नेरूळकर
कपडा असता तर उन्हात टाका म्हटलं असतं, उन्हाने हळद उडते. ओटा कसा नेणार गच्चीवर 😄