पाकिटावर "मिझो डिस्ट्रिक्ट, आसाम", कधीचं असेल?

दादरकर७: काल फोर्टात तिकिटंवाल्याकडून एक जुनं पाकीट घेतलं, ८० रुपये सांगितले ६० ला दिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता ऐजल (म्हणजे आताचं ऐझॉल), मिझो डिस्ट्रिक्ट, आसाम. शिक्का पार पुसलाय, साल लागत नाही. बाबा म्हणतात मिझोराम आधी आसामातच होतं, पण मग नुसता एक जिल्हा होता का? आणि साल कुठलं धरायचं?

पाकीटमार_मुलुंड: बाबा बरोबर आहेत. नावावरूनच साल पकडता येतं, आधी लुशाई हिल्स होतं, सप्टेंबर १९५४ ला मिझो डिस्ट्रिक्ट झालं आणि २१ जानेवारी १९७२ ला केंद्रशासित मिझोराम. तिकीट कुठलंय? भारताचा नकाशा आणि खाली नये पैसे असतील तर १९५७ च्या आधीचं नाही.

सुलूमावशी: नुसता जिल्हा नव्हे हो! राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतला स्वायत्त जिल्हा, १९५२ पासून स्वतःची जिल्हा परिषद, आणि परिषद म्हटलं की आपली झेडपी डोळ्यासमोर आणू नका, हिला जमीन, झूम म्हणजे फिरती शेती, गावाचा कारभार, वारसाहक्क यांवर चक्क कायदे करता यायचे. गावोगावच्या सरदारांना तिकडे लाल म्हणतात, त्यांचे हक्कही १९५४ च्याच कायद्याने गेले, मिझो युनियन हा तिथला पक्ष त्यासाठी केव्हापासून मागे लागली होती.

बोरिवली_लोकल: एवढं सगळं होतं तर मिझोंचं १९६६ चं बंड कशाला झालं मग

सुलूमावशी: उंदरांमुळे म्हटलं तर हसाल. तिकडचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, बी खाऊन उंदीर माजतात आणि मग भाताची शेतं फस्त करतात, त्याला मावताम म्हणतात. १९५९ ला तेच झालं, लोकांनी आधी बजावूनही आसाम सरकारने मनावर घेतलं नाही. दुष्काळात मदत करायला जी संघटना निघाली तिचाच १९६१ मध्ये लालडेंगांचा मिझो नॅशनल फ्रंट झाला. त्यांचं बंड मोडायला मार्च १९६६ मध्ये ऐजलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. सरकारशी करार व्हायला १९८६ उजाडलं, राज्य १९८७ ला.

दादरकर७: नकाशाच आहे, नये पैसेही आहेत! भिंगातून शिक्क्यात ५ दिसतोय, पुढचा आकडा ८ किंवा ९. बाबा सकाळपासून ९ च म्हणतायत. आत पत्र नाहीये पण, रिकामंच आहे.