चिलटं, कापूर आणि शनिवारची फवारणी

बी-३०२ साने: नमस्कार सगळ्यांना. परत तोच विषय काढतेय, इलाज नाही. घरात चिलटांनी उच्छाद मांडलाय, चहासुद्धा झाकून प्यायची वेळ आलीय. शनिवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोय असं बोर्डावर वाचलं. तो काय फवारणार ते आधी कळेल का? माझ्याकडे बजी (छोटे पोपट) आणि हॅमस्टर आहेत. गेल्या पावसाळ्यात काय झालं ते माहितीच आहे सगळ्यांना.

ए-१०१ नेने काका: कापूर जाळा. दोन वड्या. एक चिलट राहणार नाही.

बी-५०१: गेल्या पावसाळ्यातल्या फवारणीत माझा अख्खा फिश टँक गेला. बिल जपून ठेवलंय. कोणाला हवं असेल तर टाकतो ग्रुपवर.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये संपला आहे. फवारणी फक्त जिना आणि ड्रेनेज चेंबरला होणार. 🙏

बी-५०१: संपला तुमच्यासाठी. जिन्यातलंच दाराखालून आत आलं होतं.

ए-४०३: मूळ कारण कोणी बोलणार आहे का? खतखड्डा. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

सी-१०३ देशपांडे मॅडम: खड्डा तळाशी आहे, सानेबाई तिसऱ्या मजल्यावर. आधी चिलटं कुठून निघतात ते बघू या. साने, ती फळांभोवती असतात, बाथरूममध्ये की कुंड्यांपाशी?

बी-३०२ साने: कुंड्यांपाशीच जास्त. पाणी घातलं की भुर्रकन उठतात.

सी-१०३ देशपांडे मॅडम: मग ती मातीतलीच. अळ्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये असतात, ओल्या मातीतली बुरशी खातात. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या दिसल्या की खात्री झाली. मग वरची माती पूर्ण वाळेपर्यंत पाणी बंद. पावसाळ्यात आपण सगळेच जास्त पाणी घालतो. वर जाड वाळूचा थर दिला तरी चालेल. उडणारी लगेच जाणार नाहीत, अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे लागतात. तेवढा धीर धरा.

ए-१०१ नेने काका: कापूर.

बी-३०२ साने: काका, पक्ष्यांना धूर सोसत नाही हो.

ए-१०१ नेने काका: आमच्याकडे पोपट होता. रोज आरती व्हायची. बारा वर्षं जगला.

सी-२०४: काका, तो पोपट अजूनही बोलतोय ग्रुपवर 😄

ए-१०१ नेने काका: वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?

सी-१०३ देशपांडे मॅडम: काकांच्या भक्तीबद्दल आदर आहे. पण पक्ष्यांच्या शरीरात फुफ्फुसांशिवाय हवेच्या पिशव्या असतात, हवेतलं विष त्यांना आपल्या आधी बाधतं. कापूर, डांबरगोळ्या, अगरबत्ती, स्प्रे, काहीच नको त्या खोलीत. पिवळे चिकट कागद कुंडीत खोचा, पण पिंजऱ्यापासून लांब. बजी बाहेर सोडत असाल तर लावूच नका, पंख चिकटतात.

बी-५०१: आणि माशांचं?

सी-१०३ देशपांडे मॅडम: फवारणीत पायरेथ्रॉइड (कीटकनाशकाचा एक प्रकार) असेल तर माशांना फार घातक. टँक झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा. तो खोलीतली हवाच पाण्यात ओढतो.

बी-५०१: हे गेल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर.

सेक्रेटरी: गेल्या वर्षी सर्क्युलर काढलं होतं.

बी-५०१: फवारणी झाल्यावर काढलं होतं साहेब.

ए-४०३: खतखड्डा.

सी-३०१: एक विचारू? फळांची कशी घालवायची? केळ्यांवर घोंघावतात. आणि पार्किंगमधली ती लाल गाडी कोणाची आहे, माझ्या जागेत?

बी-३०२ साने: वाटीत व्हिनेगर, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, वर कागद लावून भोकं पाडायची. पडतात त्यात. हॅमस्टरच्या पिंजऱ्यातले काकडीचे तुकडेही रोज रात्री काढतेय आता.

सी-३०१: थँक्यू. आणि गाडी?

सी-२०४: गाडी माझ्या मेव्हण्याची आहे. दहा मिनिटांत काढतो.

सी-३०१: दहा मिनिटं काल सकाळी सुरू झाली.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. साने मॅडम, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषधाचं नाव लेखी मागतो. बी विंगचा जिना यावेळी सोडून देऊ.

ए-४०३: बी विंगला सूट आणि ए विंगला खड्डा. छान.

ए-१०१ नेने काका: मी संध्याकाळी कापूर आणून देतो सानेबाईंना. भीमसेनी आहे, त्रास होत नाही.

बी-३०२ साने: नको काका, प्लीज. 🙏