स्विंडनला मुक्काम, गाडी नाही: आठवडी बाजार आणि खेडी कशी बघावीत?

कुळागर (फोंडा)
चवथ आटोपली की सप्टेंबरअखेर आईला घेऊन तीन आठवडे इंग्लंडात स्विंडनला नातेवाइकांकडे जातेय. लंडन होईलच, पण आईला हवाय तो तिथल्या गावांचा बाजार, आपल्या म्हापशाच्या शुक्रवारासारखा, आणि एखादं जुनं खेडं. गाडी चालवणारं कोणी नाही. आई सत्तरीची, सपाटीवर बरी चालते, चढ जमत नाही. सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), त्या दिवशी अंडंही नाही. बसने जमेल का? कुठला वार कुठे ठेवू?

माटोळी
आधी वार बघा, गाव मग. हे बाजार जुन्या राजेशाही सनदांवर चालत आलेले, त्यामुळे प्रत्येक गावाचे वार बांधलेले आहेत. तुमच्या टप्प्यात सायरनसेस्टर सोमवार-शुक्रवार, मार्लबरो बुधवार-शनिवार, डिव्हायझेस गुरुवार. वार चुकला तर बाजारचौकात नुसत्या उभ्या केलेल्या गाड्या बघायच्या.

एकच दिवस मोकळा असेल तर मी गुरुवार डिव्हायझेसला देईन. स्विंडनहून ट्रोब्रिजला जाणारी ४९ नंबरची बस एव्हबरीवरून डिव्हायझेसला जाते, म्हणजे बाजार आणि खेडं एकाच वाटेवर. सकाळी थेट डिव्हायझेस गाठा आणि परतताना एव्हबरीला उतरा. बरेच जण उलटं करतात आणि फसतात: दुपारी जेवणवेळेनंतर दुकानदार आवरायला लागतात, दोन-अडीचला निम्मा चौक रिकामा. एव्हबरीच्या प्राचीन शिळावर्तुळाचे दगड साडेचार हजार वर्षं तिथेच आहेत, ते थांबतील.

चौकात दगडी बाजारस्तंभ आहे, १८१४ सालचा. त्याच्यावरचा मजकूर आईला वाचून दाखवा. २५ जानेवारी १७५३ ला पॉटर्न गावची रूथ पिअर्स आणि आणखी तिघी बायकांनी मिळून गव्हाचं पोतं घेतलं, प्रत्येकीने आपला वाटा द्यायचा. पैसे मोजताना कमी भरले. रूथ म्हणाली, मी दिले, खोटं बोलत असेन तर इथेच मरून पडेन. पुन्हा तेच म्हणाली आणि पडलीच. पैसे तिच्या मुठीत सापडले. देवाची खोटी शपथ घेणाऱ्यांना दम म्हणून हे कोरून ठेवलंय.

घासाघीस तिथे करत नाहीत. फळं-भाजी पुष्कळदा वाडग्यावर विकतात: वाडग्याचा एक भाव, आतलं निवडून घ्यायचं नाही, हाताने दाबून बघायचं तर नाहीच. आवरायच्या वेळी ते स्वतःच ओरडून भाव पाडतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी थोडी चिल्लर जवळ असू द्या. चीजच्या ठेल्यावर मागितलं तर तुकडा चाखायला देतात.

मार्लबरोला ऑक्टोबरात जाणार असाल तर तारीख आधी तपासा. तिथे दोन शनिवारी मॉप फेअर भरते. पूर्वी गडी-मोलकरणी वर्षाच्या बोलीवर ठेवण्याची ही जत्रा, आता पाळणे आणि खाण्याच्या गाड्या. मुख्य रस्ता वाहनांना बंद होतो आणि बस दुसरीकडून जातात. जत्रा हवी तर मुद्दाम जा, भाजीबाजार हवा तर बुधवार धरा.

घुमट
बसबद्दल. थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात करा, नाहीतर चालक पुढे निघून जातो. चढताना गावाचं नाव सांगून कार्ड टेकवायचं. इंग्लंडात बहुतेक बसना एकेरी प्रवासाला ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे. ही सरकारी योजना मुदतीची असते, जायच्या आधी चालू आहे का बघून घ्या. ज्येष्ठांचा मोफत पास तिथल्या रहिवाशांनाच, आईला मिळणार नाही. तो पास सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतर चालतो, म्हणून साडेनऊनंतरची पहिली बस म्हाताऱ्या मंडळींनी भरलेली असते. आईला बसायला जागा हवी तर तिच्या आधीची धरा.

वेळापत्रकात सगळ्यात आधी परतीची शेवटची बस बघा. रविवारी खेड्यांकडे बस तुरळक, काही मार्गांवर नाहीच. टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही, आणि खेड्यात मोबाइलला रेंज नसते तेव्हा फोन करणंही राहतं. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

कुळागर (फोंडा)
फार उपयोगी. एव्हबरीशिवाय आणखी एकच खेडं करायचं तर बायबरी की लॅकॉक? कासल कूमचंही नाव ऐकलंय.

माटोळी
लॅकॉक. स्विंडनहून ब्रिस्टलकडच्या गाडीने चिपनम, तिथून फ्रोमकडे जाणारी बस लॅकॉकला थांबते. गाव जवळजवळ सगळं नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचं, १९४४ मध्ये मठासकट दान मिळालेलं. चार गल्ल्या, जमीन सपाट. फरसबंदी मात्र ओबडधोबड, आईचा हात धरा. गावात फिरायला तिकीट नाही, मठाला आहे. त्याच मठाच्या एका खिडकीचा फोटो छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या टॅलबटने १८३५ मध्ये काढला. आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह तीच.

बायबरीची आर्लिंग्टन रो ही जुन्या दगडी घरांची ओळ सुंदर आहे, पण दिवसा अख्खं जग तिथे लोटतं आणि बस कमी. कासल कूमला वाहनतळ टेकडीवर, गाव खाली. परतताना चढ, म्हणजे आईला नकोच. आणि कुठेही गेलात तरी ही घरं राहती आहेत, खिडकीला नाक लावू नका.

नारळीपौर्णिमा
शिवराकचं नीट घ्या. पबचं स्वयंपाकघर साधारण बारा ते अडीच, मग थेट संध्याकाळी सहाला. तीनला पोचलात तर बियर मिळेल, जेवण नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर सांगायचं आणि बहुधा तिथेच पैसे द्यायचे. चिप्स माशाच्याच तेलात तळतात का, सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, हे दोन प्रश्न विचाराच. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं तरी त्यात अंडं असू शकतं. सोम-गुरुवारी ‘व्हीगन’ लिहिलेलंच घ्या. केक-स्कोन त्या दिवशी बंद. सालीसकट भाजलेला बटाटा आणि टोमॅटोतल्या बीन्स जवळजवळ सगळीकडे मिळतात, लोणी मात्र चालतं का ते आईला विचारा.

घुमट
एक राहिलं. एव्हबरीत दगडांमध्ये मेंढ्या चरतात, गवत ओलं आणि लेंड्यांचं. चपला नकोत, खाली खाचा असलेले बूट घाला. शेतातल्या पायवाटेला पिवळा बाण असतो. वाटेत कुंपणावरून चढायची लाकडी पायरी आली तर आईला घेऊन मागे फिरा, झुलतं फाटक असेल तर पुढे जा. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. गाईसोबत वासरू दिसलं तर दोघांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. सप्टेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेपाचपर्यंत थांब्यावर या.